पंधरा कॉम्प्युटरना एकच पासवर्ड असेल तर

तुमच्या सीए ऑफिसात १५ कॉम्प्युटर एका नेटवर्कवर, सगळीकडे तेच अ‍ॅडमिन लॉगिन (ज्याने मशीनवर काहीही बदलता येतं), तोच पासवर्ड, आणि सर्व्हरवरचा टॅलीचा फोल्डर सगळ्यांना मोकळा. अँटिव्हायरस घेतलाय, तर आम्ही कर्मचाऱ्यांनी आणखी काय सांभाळायचं, असं तुम्ही विचारलंत. अँटिव्हायरस हवाच, पण मला त्या एका पासवर्डाची जास्त काळजी वाटते.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला आणि आपल्याकडे न्हावा-शेवा बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. तरीही अपडेट केलेली मशीनं पडली, कारण तो एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि तोच वापरून शेजारच्या मशीनमध्ये शिरायचा. तुमच्याकडे तर शेजारच्या चौदाही मशीनना तोच पासवर्ड चालतो.

म्हणून सरांकडे पहिली मागणी ही करा: प्रत्येकाला स्वतःचं साधं लॉगिन, अ‍ॅडमिनचं नाही. ज्याला ज्या क्लायंटचं काम, त्याला तेवढाच फोल्डर. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तुमच्या लॉगिनच्या नावाने चालतो, तुम्हाला ज्या फाइल बदलता येतात त्या सगळ्या त्यालाही बदलता येतात.

हे मी एका ऑफिसात डोळ्यांनी पाहिलंय. आर्टिकलशिप (सीएचं प्रशिक्षण) करणाऱ्या मुलाने मेलमधलं 'बिल' उघडलं. नावात पीडीएफ दिसत होतं, पण खरं शेपूट ईएक्सई होतं, म्हणजे ते बिल नव्हतं, चालणारा प्रोग्राम होता. विंडोज हे शेपूट मुळातच लपवून ठेवतं. (व्ह्यूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर आजच टिक करा.) फाइलींची नावं बदलताना त्याला दिसली. ओरडा बसेल म्हणून तो गप्प राहिला, दोनदा मशीन रिस्टार्ट केलं. तासाभरात सर्व्हरवरचा शेअर केलेला अख्खा ड्राइव्ह गेला, आणि बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरलाच लावून ठेवलेली असल्याने तीही गेली. रिटर्न भरायचे दिवस होते. लोक रात्र-रात्र बसून कागदांवरून नोंदी पुन्हा करत होते. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

तुमच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट, जी मला फार खटकते: क्लायंटच्या डिजिटल सहीचे टोकन दिवसभर यूएसबीत खोचलेले असतात आणि पिन टोकनवरच चिकटवलेला असतो. ती त्या माणसाची सही आहे. काम झालं की काढा, कपाटात ठेवा, कुलूप लावा. जेवायला उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा. सामायिक मशीनवर ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह थेट कामाच्या मशीनला लावू नका, क्लायंटला फाइल मेल करायला सांगा. पाहुण्यांना आणि स्वतःच्या मोबाइलला वेगळं गेस्ट वायफाय हवं. बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते.

काही विचित्र दिसलंच, तर आधी लॅनची केबल उपटा, वायफाय बंद करा. रिस्टार्ट करू नका. मग ओरडून सगळ्यांना सांगा आणि नेटवर्कवाल्याला फोन लावा. बँकेतून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि सरांना माझ्यातर्फे एक विनंती पोहोचवा. चुकीची फाइल उघडली हे जो पाच मिनिटांत येऊन सांगेल, त्याला कुणीही रागवायचं नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर एकदा बोलून दाखवावं. त्या मुलाला कुणी हे आधी सांगितलं असतं, तर तो पहिल्याच मिनिटाला उठून आला असता.