पिंपांआधी पाणी मोजा

स्कॉटलंडच्या बेटांवरील डिस्टिलऱ्या पाहून जालन्याजवळच्या कोरडवाहू जमिनीत माल्ट व्हिस्कीचा (मोड आणलेल्या बार्लीपासूनच्या मद्याचा) कारखाना उभारण्याचे तुम्ही मनावर घेतले आहे, तेव्हा आधी पाण्याचा हिशेब मांडावा. या धंद्यात वाफ थंड करण्यासाठीच फार पाणी लागते, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली होती. थंडाव्याचे पाणी पुन्हा फिरवण्याची सोय पहिल्या आराखड्यातच हवी.

दुसरा प्रश्न उन्हाचा. व्हिस्की ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरवावी लागते. स्कॉटलंडमध्ये त्या पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडते, आपल्याकडे ते १० टक्क्यांच्या घरात जाते. माझी पहिली पिंपे मी पत्र्याच्या गोदामात ठेवली होती. मे महिन्यात बूच काढून पट्टी बुडवली, तर ओली खूण चार बोटे खाली आलेली, आणि कोरड्या हवेत पाणी अधिक उडाल्याने उरलेले मद्य जास्तच कडक झालेले. जाड दगडी भिंती बांधा. आपल्या जुन्या वाड्यांना हे शहाणपण होते.

तिसरा प्रश्न या मुरण्याच्या वर्षांचा. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावरची डिस्टिलरी २०१५ मध्ये सुरू झाली, पण तिची व्हिस्की २०२३ मध्ये बाजारात आली. मधली वर्षे तिने समुद्री शैवाल घातलेल्या जिनवर, म्हणजे मुरवावे न लागणाऱ्या मद्यावर, काढली. तुम्हालाही असा लवकर विकला जाणारा माल लागेल. मद्यासाठी रस काढून उरलेल्या बार्लीच्या चोथ्याला गुरांचे खाद्य म्हणून गावातले दूधवाले गिऱ्हाईक मिळतील, मात्र उन्हात तो लगेच आंबतो, म्हणून त्याच दिवशी उचलण्याची बोली आधीच करून घ्यावी.