गोठ्यामागची भेग आणि रडारचे शिक्षण

(खानापूर तालुक्यातील जांबोटी भागातून एका पालकांनी लिहिले आहे : मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (कर्नाटकातील बारावीला) विज्ञान शाखेत आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. अंकोला तालुक्यातील शिरूरची दरड कोसळल्यापासून, उपग्रहाच्या रडारने डोंगराची हालचाल मोजण्याचे काम शिकायचे, असे तिने मनात घेतले आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यामागच्या उतारावर भेग पडली. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून ती दर रविवारी त्यांमधले अंतर मोजते. नातेवाईक कॉम्प्युटर सायन्सचा आग्रह धरतात. काय करावे?)

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील खुंट्यांचा उल्लेख मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण आपली मुलगी दर रविवारी जे करते तेच काम युरोपचा सेंटिनेल-१ हा उपग्रह सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून करतो. दर १२ दिवसांनी त्याच मार्गावरून जाताना तो जमिनीकडे रडारच्या लहरी सोडतो आणि परतलेल्या लहरीची कला, म्हणजे ती आपल्या चक्रात नेमकी कुठे होती, हे नोंदवतो. लहरीची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर असते आणि ती जाऊन परत येत असल्यामुळे जमीन उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटिमीटर सरकली की कलेचे एक पूर्ण चक्र होते. अशा अनेक तारखांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या, तर वर्षाला काही मिलिमीटर इतकी संथ हालचालही मोजता येते.

या विद्येच्या मर्यादाही तिला आजच ठाऊक असाव्यात. कणकुंबी-चोर्ल्याकडच्या दाट रानात ही लहर पानांवरूनच परत फिरते, आणि दोन फेऱ्यांच्या दरम्यान पाने बदललेली असल्याने तुलनाच तुटते. पावसाळ्यात हवेतील बाष्पामुळे लहरीला उशीर होतो आणि तो उशीर जमिनीच्या हालचालीसारखा भासतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचेही रडार आहे. त्या लहरी झाडीतून बऱ्याच प्रमाणात खाली पोहोचतात, म्हणून पश्चिम घाटासाठी मला त्याची मोठी आशा वाटते. तरीही १६ जुलै २०२४ ला शिरूरला जशी दरड एकाएकी आली, तशा दरडीची घटका १२ दिवसांनी येणारा उपग्रह सांगू शकत नाही. संथ सरकणारे उतार कोणते, हे तो आधी दाखवू शकतो. त्यानंतर कोणीतरी चालत जाऊन बुंध्याशी वाकलेली झाडे, कललेले विजेचे खांब आणि गढूळ झालेले झरे पाहावे लागतात. ज्या मुलीने ही रानवाट लहानपणापासून तुडवली आहे, तिला इथे शहरातल्या मुलांपेक्षा अधिक दिसेल, असे मला मनापासून वाटते.

आता शिक्षणाविषयी. पीयूसीनंतर लगेच केवळ सुदूर संवेदनाचा, म्हणजे उपग्रहासारख्या साधनांनी दुरूनच जमिनीची माहिती घेण्याच्या विद्येचा, छोटा अभ्यासक्रम घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आधी पाया पक्का व्हावा. भूविज्ञान घेऊन बीएस्सी आणि पुढे एमएस्सी करता येते, आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात हा विभाग आहे. देशात दरडींच्या अभ्यासाची मुख्य जबाबदारी असलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि तिथल्या भूवैज्ञानिक पदासाठी पदव्युत्तर पदवी लागते. केवळ सिव्हिल इंजिनिअरिंग करून ते दार उघडत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. सिव्हिल केल्यास देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेत किंवा गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एमटेक करता येते. नातेवाइकांचा सल्लाही चुकीचा नाही, कारण रडारच्या नोंदींवरची सारी प्रक्रिया संगणकावरच होते. मात्र त्या वाटेने गेल्यास दगड-मातीची ओळख फार उशिरा होईल. खुंट्या ठोकणाऱ्या मुलीसाठी माझा कल भूविज्ञानाकडे आहे.

नोकऱ्या मात्र कॉम्प्युटरच्या तुलनेत बऱ्याच कमी आहेत, हे लपवून चालणार नाही. सरकारी संस्थांखेरीज बोगदे, रेल्वे आणि धरणे यांच्या सल्लागार कंपन्या आणि उघड्या खाणी, जिथे उतारासमोर जमिनीवरचे रडार लावून ठेवतात, एवढेच मुख्य क्षेत्र आहे. पदवी आणि पदव्युत्तर मिळून किमान पाच वर्षे आणि त्यावर परीक्षेची तयारी, इतका काळ घर तिच्या कमाईविना चालेल का, हे आपण तिच्यासह बसून ठरवावे.

या वर्षी तिने त्रिकोणमिती, संमिश्र संख्या आणि लहरींचे व्यतिकरण (दोन लहरी एकमेकींत मिसळून वाढणे किंवा घटणे) हे भाग जीव लावून करावेत. देहरादूनच्या संस्थेचे मोफत ऑनलाइन वर्ग आणि सेंटिनेलच्या मोफत नोंदी हे सारे परीक्षेनंतरच्या सुट्टीत पाहावे. मराठी माध्यमाची काळजी नको. मात्र कन्नड लिहिता-वाचता यायला हवे, कारण इथल्या गावांत काम करताना महसुली कागद त्याच भाषेत समोर येतील.

शेवटी त्या भेगेबद्दल. वहीत तारखेसोबत त्या आठवड्याचा पाऊसही लिहावा. पण आपण स्वतः पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायत आणि तहसीलदारांना लेखी कळवावे, भेग चिकणमातीने बुजवून वरचे पाणी चर काढून बाजूला वळवावे, आणि भेग रुंदावली किंवा खालचा झरा अचानक गढूळ झाला तर माणसे व जनावरे तत्काळ हलवावीत. पावसाचा जोर असेल त्या रविवारी तिला मोजायला जाऊ देऊ नका. वहीतला तो रकाना कोरा राहू दे.