वाचकांचे प्रश्न : मध जवळचा घ्यावा की परदेशातून आलेला?

प्रश्न : आमच्या भागातील मधपाळाकडे मिळणारा मध दुकानातील परदेशी मधापेक्षा बराच महाग पडतो. परदेशी मध पारदर्शक आणि प्रत्येक वेळी एकाच चवीचा असतो, तर मधपाळाकडच्या मधाचा रंग दर हंगामात बदलतो, त्यामुळे घरात त्याच्या शुद्धतेविषयी शंका घेतली जाते. जवळच्या मधासाठी जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ निश्चित आहे, पण मध जवळून आला, एवढ्याच कारणाने नव्हे. अंतरावरून मधाची प्रत ठरत नाही. तो कोणत्या फुलोऱ्याचा आहे, कोणी काढला आणि कधी काढला, हे ज्याला विचारता येईल असा माणूस समोर आहे की नाही, याला माझ्या मते सर्वांत जास्त महत्त्व आहे आणि जवळच्या मधाचा खरा लाभही तोच आहे.

आधी रंगाचे पाहू. माश्या ज्या फुलांवर जातात, त्यांचा मकरंद पोळ्यात येतो. हंगाम बदलला की फुलोरा बदलतो आणि त्याबरोबर मधाचा रंग, वास आणि चवही बदलते. त्यामुळे बदलता रंग हा मधाचा दोष मुळीच नाही. उलट वर्षानुवर्षे अगदी एकसारखा राहणारा मध बहुधा मिश्रणातून तयार झालेला असतो. मोठ्या व्यापारात मध सुमारे 300 किलोच्या पिंपांतून देशोदेशी फिरतो. बाटलीबंद करणारी कंपनी अनेक ठिकाणची पिंपे एकत्र करून ठरावीक रंग आणि चव साधते, मध लवकर गोठू नये म्हणून तो तापवते आणि बारीक गाळते. यात बेकायदेशीर असे काही नाही. परंतु जास्त तापवल्याने मधाचा नाजूक सुगंध कमी होतो, आणि गाळणी फारच सूक्ष्म असली तर ज्यांच्यावरून मधाचे मूळ ओळखता येते ते परागकणही निघून जातात.

याहून महत्त्वाची गोष्ट मध पिकण्याची. माशी फुलातून आणते तो मकरंद पातळ असतो. कामकरी माश्या तो एकमेकींच्या तोंडी देत, पोळ्याच्या घरांत पसरत आणि पंखांनी वारा घालत त्यातील पाणी कमी करतात, आणि तो पुरेसा दाट झाला की त्या घरावर मेणाचे पातळ झाकण बसवतात. जाणता मधपाळ पेटीतून पोळ्याची चौकट बाहेर काढतो तेव्हा आधी ही झाकणे पाहतो. बरीच घरे उघडी असतील तर तो चौकट आडवी धरून तिला एक हिसका देतो. थेंब उडाले तर मध अजून कच्चा आहे असे समजून ती चौकट परत पेटीत ठेवतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार मधात साधारणपणे 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नसावे, आणि कच्च्या मधात ते जास्त असल्याने तो आंबतो. काही ठिकाणी मात्र घाईने कच्चा मध काढून त्यातील पाणी कारखान्यात यंत्राने काढले जाते. त्यामुळे उत्पादन वाढते आणि मध स्वस्त होतो. पण माश्यांनी करायचे काम यंत्राने केलेले असते. मधपाळांच्या संघटनांचा जागतिक महासंघ असलेली अपिमोंडिया या पद्धतीला फसवणूकच मानते, आणि मला ते योग्य वाटते.

भेसळीचा प्रश्नही खरा आहे. युरोपीय महासंघाने आयात मधाचे 320 नमुने तपासून मार्च 2023 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यांपैकी 147 नमुने, म्हणजे 46 टक्के, साखरेच्या पाकाच्या भेसळीबद्दल संशयास्पद ठरले. संशयास्पद म्हणजे भेसळ सिद्ध झाली असे नव्हे, हे लक्षात ठेवावे. तरीही हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. याच तपासणीत ब्रिटनहून आलेले दहाच्या दहा नमुने संशयास्पद निघाले, आणि तो मध बहुधा इतर देशांतून आणून तेथे मिसळलेला असावा, असे तपासणाऱ्यांनी नोंदवले. म्हणजे बाटली ज्या देशातून आली, त्याच देशातील माश्यांनी तो मध केला, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच 2024 मध्ये युरोपीय महासंघाचे नियम बदलून मिश्रणातील देशांची नावे, सर्वसाधारणपणे टक्केवारीसह, वेष्टनावर देणे बंधनकारक करण्यात आले आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी 14 जून 2026 ही तारीख ठरवण्यात आली.

पाण्यात थेंब सोडणे किंवा वातीला मध लावून पेटवणे या घरगुती चाचण्यांवर कृपया विसंबू नका. त्यांतून फार तर मधाचा दाटपणा आणि ओलावा कळतो. ऊस आणि मक्याचा पाक कार्बनच्या समस्थानिकांच्या (म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) तपासणीत पकडला जातो, पण तांदूळ किंवा बीट यांपासून केलेला पाक त्या तपासणीतून निसटू शकतो. जे प्रयोगशाळेलाही सोपे नाही, ते स्वयंपाकघरात साधणार नाही.

मात्र प्रत्येक परदेशी मध संशयास्पद मानणे अन्यायाचे ठरेल. एखाद्या विशिष्ट वनस्पतीचा मध त्या प्रदेशातूनच यावा लागतो. न्यूझीलंडच्या मानुका मधासाठी तेथील सरकारने निर्यातीकरिता चार रासायनिक घटक आणि एक डीएनए खूण अशी कसोटी घालून दिली आहे. असा तपासलेला मध चवीसाठी हवा असेल तर अवश्य घ्यावा. उलट ‘स्थानिक’ हा शब्द लिहिला म्हणजे सचोटी आली, असेही नाही. मध साठत असतानाच माश्यांना साखरेचा पाक पाजणारे आणि पिंपातील मध स्वतःच्या नावाने विकणारे लोक जवळही असू शकतात. म्हणून मधपाळाला विचारा : पेट्या कोठे ठेवता, हा मध कोणत्या फुलोऱ्याचा, तो केव्हा काढला, माश्यांना पाक केव्हा देता? फुलोरा नसलेल्या दिवसांत माश्या जगवण्यासाठी पाक द्यावाच लागतो, आणि प्रामाणिक मधपाळ ते लपवत नाही. शक्य असल्यास पेट्या पाहून या.

अशा मधपाळाला दिलेल्या जास्त पैशांतून त्याच्या माश्यांच्या वसाहती टिकतात, आणि त्यांतील माश्या आसपासच्या काही किलोमीटरमधील पिकांचे आणि झाडांचे परागीभवन करतात. दूरदेशीच्या मधातून आपल्या परिसराला हे मिळत नाही.

प्रश्न : मधपाळाकडून घेतलेला मध काही आठवड्यांत घट्ट होऊन रवाळ झाला. त्यात साखर असेल का?

उत्तर : केवळ रवा धरला म्हणून तसे म्हणता येणार नाही. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा मुळातच असतात. ज्या मधात ग्लुकोजचे प्रमाण जास्त, तो लवकर रवाळ होतो. फ्रुक्टोज जास्त असलेला मध दीर्घकाळ पातळ राहतो. बाटली कोमट पाण्यात ठेवल्यास मध पुन्हा पातळ होतो. तो थेट आचेवर तापवू नये.

प्रश्न : जवळच्या मधातील परागकणांमुळे परागाची ॲलर्जी बरी होते, असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : यावर भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. शिंका आणि डोळ्यांची खाज यांना कारणीभूत असणारे पराग मुख्यतः वाऱ्यावर पसरणाऱ्या गवतांचे आणि वृक्षांचे असतात, तर मधात बहुतांशी माश्या भेट देतात त्या फुलांचे पराग असतात, तेही अत्यल्प. त्यामुळे मधासाठी औषध बंद करू नका. तसेच एक वर्षाच्या आतील बाळाला कोणताच मध देऊ नये, मग तो कितीही शुद्ध असो. त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात त्यांची वाढ होऊ शकते.

प्रश्न : घरातील परदेशी मध कोणी खात नाही. तो शेजारच्या मधपाळाच्या माश्यांना खायला ठेवावा का?

उत्तर : मुळीच ठेवू नये. माश्यांच्या अळ्यांना मारणाऱ्या अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू मधातून पसरतात आणि ते अनेक दशके जिवंत राहतात. माणसाला त्यांचा अपाय होत नाही, त्यामुळे खाण्यास उत्तम असलेल्या मधातही ते असू शकतात. बाधित वसाहती अनेक ठिकाणी पेट्यांसह जाळाव्या लागतात, इतका हा रोग घातक आहे. मधाची रिकामी बाटलीही उघड्यावर टाकू नये, कारण माश्या तळाशी उरलेला मध शोधून पोळ्यात नेतात. बाटली गरम पाण्याने स्वच्छ धुवावी, झाकण घट्ट लावावे आणि मगच ती टाकावी. ही काळजी जवळच्या मधाच्या बाटलीबाबतही घ्यावी.