टेस्ट किचन बघायला जाताय तर...

ताई, छापायच्या आधी रेसिपी करून बघतात ते टेस्ट किचन बघायला मासिकाच्या ऑफिसात गेलात की फोटोच्या टेबलापाशी फार रेंगाळू नका, खरं काम किचनमधल्या वजनकाट्यापाशी चालतं बघा. आपण कोल्हापुरात तांबड्या रश्श्याला चटणी अंदाजानं टाकतो, पण तिथं १ टेबलस्पून म्हणजे सपाट १५ मिली, चमच्यावरचा ढीग सुरीनं सारून काढतात, आणि मग तीच रेसिपी दुसऱ्याच्या हातात नुसता कागद देऊन करायला लावतात, तो जिथं अडला ती ओळ परत लिहायची. हे उभं राहून बघाच. पांढऱ्या रश्श्याचंही विचारा हां, नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळलं तर फुटतं, मग गॅस किती बारीक ठेवायचा हे कागदावर कसं सांगतात? आणि रेसिपी पाठवणार असाल तर घरच्या कांदा-लसूण चटणीचं प्रमाण ग्रॅममध्येच लिहा, आणि ती किती तिखट आहे तेही सांगा, प्रत्येक घरचा तिखटपणा वेगळा.