विणकाम: प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

टोपी चार सुयांवर गोल विणली की टाके सरळ दिसतात. स्वेटरच्या सपाट भागात मात्र एकाआड एक ओळीतले टाके पिळलेले दिसतात. लोकर तीच, सुई तीच. असं का?

तुमचे सुलट टाके (धागा मागे ठेवून विणलेले) बरोबर आहेत, गडबड उलट टाक्यात (धागा पुढे ठेवून विणलेल्या) आहे. गोल टोपीत सगळ्या फेऱ्या सुलटच असतात, म्हणून तिथे ती दिसत नाही.

टाका सुईवर बसतो तेव्हा त्याचा एक पाय, म्हणजे फासाची एक बाजू, सुईच्या पुढे असतो आणि एक मागे. नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे हवा. उलट टाका घालताना धागा उजव्या सुईच्या वरून मागे नेऊन खालून पुढे आणायचा असतो. तो खालून वर नेला तरी टाका होतो, शिवाय हाताला ती वाट जवळची वाटते, म्हणून ही सवय पटकन लागते. पण मग टाका उलटा बसतो आणि डावा पाय पुढे येतो. पुढच्या सुलट ओळीत तुम्ही नेहमीसारखी पुढच्या पायात सुई घातली, की त्या टाक्याला पीळ पडतो. पिळलेले टाके ताठ राहतात आणि कमी ताणतात.

उपाय दोन आहेत. उलट टाक्याला धागा वरून घ्या. किंवा हात बदलायचा नसेल तर सुलट ओळीत सुई मागच्या पायात घाला. दुसरी पद्धतही तितकीच योग्य आहे. तिच्यात उलट ओळी घट्ट, एकसारख्या येतात, हा फायदा मोठा. फक्त दोन टाके एकत्र विणून घट करताना टाके कसे बसलेत ते आधी पाहायचं, नाहीतर घटीतच पीळ पडेल.

४० टाक्यांनी सुरू केलेला मफलर वर जाताना रुंद होतोय. आता ४७ टाके आहेत. वाढ कुठून येते?

बहुतेक वेळा ओळीच्या पहिल्या टाक्यातून. काम फिरवल्यावर धागा सुईवरून मागे ओढला गेला, तर पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि दोन टाके असल्यासारखे दिसतात. आपण दोन्ही विणतो. ओळ सुरू करताना धागा सुईच्या खाली लोंबत ठेवा. वाढ मधल्या भागात असेल आणि तिथे भोक दिसत असेल, तर उलट टाक्यानंतर धागा मागे न नेता सुलट टाका घातला गेलाय. दर चार ओळींनी टाके मोजले तर उसवावं लागलं तरी थोडंच लागतं.

नमुन्याप्रमाणे २२० टाके घातले, छाती १०० सेंमी यायला हवी होती, आली ११०. आता काय करावं?

नमुन्यात १० सेंमीत २२ टाके धरलेत, तुमच्या हाताने २० येतात. दोन टाक्यांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो साऱ्या घेरात जमा होतो. अगदी अर्ध्या टाक्याचा फरक असता, म्हणजे १० सेंमीत साडेएकवीस, तरी घेर १०२ सेंमीच्या पुढे गेला असता. म्हणून मोजताना अर्धा टाका सोडून देऊ नका.

आता उसवणंच बरं. मग अर्धा मिमी बारीक सुई घेऊन मापासाठी एक चौकोन विणा. त्यात ३० टाके तरी हवेत, कारण कडेचे टाके वेडेवाकडे असतात आणि माप मधल्या १० सेंमीत घ्यायचं असतं. तो चौकोन स्वेटर धुणार तसाच धुवा, सपाट पसरून वाळवा आणि मगच मोजा. धुतल्यावर लोकर पसरते किंवा आक्रसते, त्यामुळे सुईवरचं माप फसवं असतं. ओळींची संख्या थोडी चुकली तरी चालेल, कारण लांबी टेपने मोजत विणता येते. स्वेटर गोल विणणार असाल तर चौकोनाऐवजी गोल तुकडा विणून पाहा. सपाट आणि गोल विणकामात बऱ्याच जणांचा हात वेगळा पडतो.

स्वेटर छान झाला, पण गळ्यातून डोकं जात नाही.

फक्त गळ्याची शेवटची, टाके बंद केलेली ओळ उसवा आणि ती अशी सैल बंद करा. दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, उजव्या सुईवर आलेला टाका परत डावीकडे ठेवा, मग पुढच्या टाक्याबरोबर पुन्हा तसंच. हा काठ भरपूर ताणतो.

एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीचा मफलर गुंडाळला जातो. इस्त्री करावी का?

नको. या विणीत सुलट बाजूला उभे पाय असतात आणि मागे आडवे उंचवटे. वाकवलेला धागा सरळ होऊ पाहतो, त्यामुळे उभ्या कडा मागे वळतात आणि खालची-वरची कड पुढे. हा विणीचाच स्वभाव आहे. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर ते कायमचं लुळं पडतं. पुढच्या वेळी टाके विषम घ्या आणि प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट अशी सुलटावर संपवा. ही वीण वळत नाही आणि दोन्ही बाजूंनी सारखीच देखणी दिसते.

पायमोज्याची टाच कशी वळते, हे कोडं सुटत नाही. ६४ टाक्यांचं गणित सांगाल का?

विणकामातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. ३२ टाक्यांवर टाचेची पट्टी विणा, ३२ ओळी. सुलट ओळीत एक टाका न विणता सरकवा, एक सुलट विणा, असं शेवटपर्यंत. उलट ओळीत पहिला सरकवून बाकी सारे उलट. कडेला १६ मोठे फास तयार होतात.

आता वळण. १८ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि ओळ अर्धवट सोडून काम फिरवा. पहिला सरकवा, ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, फिरवा. इथून पुढे दर ओळीत आधीच्या वळणाशी पडलेल्या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक टाका एकत्र विणायचा, पुढचा एक विणायचा आणि फिरवायचं. शेवटच्या दोन ओळींत एकत्र विणल्यावर पुढे टाका उरत नाही. मधला भाग वाढत जातो, कडेचे टाके थांबून राहतात, म्हणूनच वाटी तयार होते. शेवटी १८ टाके उरतात.

दोन्ही कडांचे १६-१६ फास उचला. पायाच्या वरच्या बाजूचे, थांबवून ठेवलेले ३२ धरून ८२ होतील. एकाआड एक फेरीत दोन्ही बाजूंना एकेक घट करा. ९ वेळा केल्यावर पुन्हा ६४. कोपऱ्यात भोक पडत असेल तर तिथे एक जादा टाका उचला आणि पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर एकत्र विणा.