अमेरिकेतल्या सर्जरी सेंटरने मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, क्वालिटी रिपोर्ट दिला, पण आकडे वाईट निघाले, तर पैसे कापतात का?

नाही. कापतात ते आकडे दिलेच नाहीत तर. तुम्ही एका आउटपेशंट (शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या) सर्जरी सेंटरमध्ये नव्याने मॅनेजर झालात आणि हा रिपोर्ट तुमच्या गळ्यात पडलाय, असं तुम्ही मला लिहिलंय. मी हेच काम करते, म्हणून ही भीती आधी काढून टाकते.

या रिपोर्टच्या कार्यक्रमाला एएससीक्यूआर (अँब्युलेटरी सर्जिकल सेंटर क्वालिटी रिपोर्टिंग) म्हणतात. माहिती घेणं ऑक्टोबर २०१२मध्ये सुरू झालं, पेमेंटवर परिणाम २०१४पासून. रिपोर्ट द्यायचा राहिला तर मेडिकेअर सेंटरला देतं त्या दरांच्या वार्षिक वाढीतून २ टक्के वजा होतात. अलीकडे दरवाढच तीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे त्यातली साधारण दोन-तृतीयांश गेली. वर्षाला मेडिकेअरचे २४०पेक्षा कमी क्लेम (विम्याकडे पाठवलेली बिलं) असतील तर सूट मिळते.

मागच्या वर्षाचे आकडे १५ मेपर्यंत मेडिकेअरच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचे. त्यात पहिल्या चार गोष्टी साध्या दिसतात: सेंटरमध्ये कुणी भाजलं का, कुणी पडलं का, चुकीच्या बाजूला किंवा चुकीच्या माणसावर शस्त्रक्रिया झाली का, आणि सेंटरमधून थेट हॉस्पिटलला कुणाला हलवावं लागलं का. इथे फक्त मेडिकेअरचे नाही, सगळे पेशंट मोजायचे. काहीच घडलं नसेल तरी शून्य भरायचा. रकाना रिकामा सोडू नका. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ऐनवेळी व्हिट्रेक्टमी (डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढणं) करावी लागली का, तासभर किंवा त्याहून लांबलेल्या भुलीनंतर पेशंटचं तापमान राखलं गेलं का, हेही येतं. ते नर्सिंगच्या नोंदींतून निघतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एएससी-१२ हा मापदंड, आणि त्यासाठी तुम्हाला काहीच भरायचं नसतं. कोलोनोस्कोपीनंतर (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) सात दिवसांत पेशंटला हॉस्पिटलमध्ये जावं लागलं का, हे मेडिकेअर स्वतःच्या क्लेमवरून काढतं. पेशंट आपल्याकडून हसत घरी जातो. तीन दिवसांनी रक्तस्राव झाला तर तो जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जातो, आणि आपल्याला कुणी फोन करून सांगत नाही. आपल्या रजिस्टरमध्ये ती केस सुरळीतच राहते. ऑर्थोपेडिक, युरोलॉजी आणि जनरल सर्जरीच्या केसेससाठीही असेच मापदंड आहेत. या क्लेमचा तपशील सेंटरला खासगीत मिळतो. तो उघडून डॉक्टरांसमोर ठेवा, नुसता सेव्ह करू नका. रक्त पातळ करणारी औषधं कधी बंद केली, घरी जाताना काय सांगितलं, दुसऱ्या दिवशीचा फोन खरंच झाला का, असे प्रश्न त्यातूनच सुटतात.

२०२५पासून ओएएस कॅप्स हा पेशंटला आलेल्या अनुभवाचा सर्व्हेही सक्तीचा आहे. तो स्वतः घेता येत नाही, मान्यताप्राप्त व्हेंडरच लागतो. करार झालाय का, ते आजच विचारा.

आणि आकडे वाईट दिसतील म्हणून पडलेल्या पेशंटला "पडला नाही, बसला" असं लिहायला कुणी सांगितलं तर ठाम नकार द्या. आकड्यांवरून दंड नाहीच, मग लपवून मिळणार काय? हे आकडे जाहीर होतात आणि लोक ते पाहून आपल्या आईवडिलांसाठी सेंटर निवडतात.

पहिल्या आठवड्यात एकच तपासा: पोर्टलवर सेंटरचा सिक्युरिटी ऑफिशियल, म्हणजे सेंटरची खाती आणि परवानग्या सांभाळणारा माणूस, कोण आहे? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव तिथे असेल तर नवं खातं मेची वाट न बघता आत्ताच सुरू करून घ्या.