कॉफीसाठी जपानला जायचंय? मग आधी कटाकना शिका

प्रश्न: नमस्कार ताई, मी नाशिकचा, गंगापूर रोडला राहतो. कॉफीचं भयंकर वेड आहे, चिकमगळूरहून बिया मागवतो, घरी रोज व्ही-६० वर (कागदी गाळणी लावायचा शंकूसारखा ड्रिपर) कॉफी करतो. पुढच्या महिन्यात मी आणि बायको जपानला चाललोय, टोकियो, क्योटो आणि एक दिवस नागोया. खरं सांगायचं तर अर्धी ट्रिप तिथल्या जुन्या कॉफीच्या दुकानांसाठीच आहे. अ‍ॅपवर जपानी शिकायला घेतलं, पण त्यात मांजर टेबलाखाली आहे, माझा भाऊ विद्यार्थी आहे असलीच वाक्यं येतायत. महिन्याभरात नेमकं काय शिकू? की फोनच्या ट्रान्सलेटरवर भागेल?

उत्तर: अ‍ॅप सध्या बाजूला ठेवा आणि पहिले दोन आठवडे फक्त कटाकना शिका, बाकी काहीच नाही. जपानीत हिरागाना, कटाकना या दोन अक्षरलिपी आणि कांजी म्हणजे चिनी चिन्हं असं तिन्ही मिसळून लिहितात, त्यातलं बाहेरच्या भाषांतून आलेलं जवळपास सगळं कटाकनात असतं, आणि कॉफीच्या मेन्यूवर बहुतेक मालच बाहेरून आलेला, बियांच्या देशांची नावं, ब्लेंड, टोस्ट, केक, सगळं. मूळ अक्षरं ४६, वर दोन टिंबं दिली की क चा ग होतो, त चा द होतो, ह वर छोटं वर्तुळ दिलं की प होतो. एकदा ते वाचता आलं की समोर 'गुआतेमारा' लिहिलंय म्हणजे ग्वाटेमाला, 'बुराजिरु' म्हणजे ब्राझील, 'बुरेन्दो' म्हणजे ब्लेंड, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही, कारण अर्थ तुम्हाला आधीच माहितीये, अडलंय ते फक्त अक्षर. ल नसतो म्हणून र येतो आणि जोडाक्षर फोडून मधे बहुतेक वेळा उ घालतात, हे दोन नियम धरले की अर्धा मेन्यू सुटला.

आणि आपल्याला हे खरंच सोपं जातं. त्यांचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेसारखा वाटतो ना? तो योगायोग नाहीये, बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा आणि सिद्धम् लिपीचा अभ्यास तिकडे गेला, त्याच्या प्रभावातून ही मांडणी आली. त्यामुळे वहीत तक्ता काढाल तेव्हा उच्चार देवनागरीतच लिहा, इंग्रजी स्पेलिंगच्या नादी लागू नका. फक्त ह्रस्व-दीर्घ सांभाळा. कटाकनात अक्षरापुढे आडवी रेघ असली की आधीचा स्वर लांबवायचा, कॉफीला 'कोओहीइ' असं दोन्हीकडे लांबवून म्हणायचं, घाईत 'कोही' म्हणालात तर समोरचा एक क्षण थांबेल.

ट्रान्सलेटर सोबत असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. जुन्या दुकानांत मेन्यू बरेचदा हाताने, वरून खाली लिहिलेला असतो आणि तिथे कॅमेरा हमखास गडबडतो.

उरलेल्या दोन आठवड्यांत मोजकी वाक्यं. बोलवायला 'सुमिमासेन'. 'होत्तो हितोत्सु ओनेगाइ शिमास' म्हणजे एक गरम कॉफी द्या, दोघांसाठी हितोत्सुच्या जागी 'फुतात्सु'. 'ओसुसुमे वा नान देस का' म्हणजे तुम्ही काय सुचवाल, आणि ह्याचं उत्तर पूर्ण कळलं नाही तरी विचाराच, त्यातून बहुतेक वेळा त्या दुकानाची सगळ्यात चांगली कॉफी मिळते. फोटोआधी 'शाशिन तोत्ते मो इइ देस का' हे विचारल्याशिवाय फोन बाहेर काढू नका. निघताना 'गोचिसोओसामा देशिता', म्हणजे छान होतं, आभार. क्रियापद शेवटी आणि प्रश्नाला शेवटी 'का', त्यामुळे मराठी माणसाची जीभ कुठे अडखळत नाही. आत शिरल्यावर 'इराश्शाइमासे' म्हणजे 'या, या' असं ऐकू येईल, त्याला उत्तर द्यायचं नसतं, बोटांनी किती जण ते दाखवायचं.

कांजी मात्र दोन-तीनच पाठ करा, चित्र म्हणून. 'असाइरि' (浅煎り) म्हणजे हलकी भाजलेली, 'फुकाइरि' (深煎り) म्हणजे गडद. तिसरं 'मुतो' (無糖), बिनसाखरेचं, हे रस्त्यावरच्या मशीनमधल्या डब्यांवर लागतं. दुधाची डबाबंद कॉफी यूसीसी या जपानी कॉफी कंपनीने १९६९ मध्ये आणली आणि तेव्हापासून हे प्रकरण इतकं वाढलंय की स्टेशनवर रांगेने मशीन्स असतात, लाल पट्टी गरम, निळी थंड. 'मुतो' न बघता बटण दाबलं तर साखरेचं दूधच हातात येऊ शकतं.

आता दुकानांचं. टोकियोत उएनोला पहिलं कॉफीहाउस १८८८ मध्ये निघालं, ते फार टिकलं नाही, पण गिन्झातला काफे पाउलिस्ता १९११ चा, त्या नावाचं दुकान तिथे आजही आहे. तुम्ही मात्र गिन्झातल्या काफे द लाम्ब्रला जाच, १९४८ पासूनचं. तिथे फक्त कॉफी मिळते, बाकी काही नाही. इचिरो सेकिगुचींनी ते सुरू केलं, बिया वर्षानुवर्षं जपून मुरवायच्या आणि मग भाजायच्या हा त्यांचा ध्यास, २०१८ मध्ये १०३ व्या वर्षी ते गेले. तिथली कॉफी नेल ड्रिपची, म्हणजे फ्लॅनेलच्या पिशवीतून अगदी बारीक धारेने पाणी सोडत काढलेली. आपल्याकडे आज्या स्वच्छ फडक्यातून चहा गाळायच्या ना, तसलंच कापड, पण वेळ कितीतरी जास्त आणि कप लहान. दाट लागते, गुळगुळीत, कडवट. तुम्ही घरी व्ही-६० वर बहुधा हलक्या भाजणीची, फळांच्या आंबटपणाची कॉफी करत असाल, तर पहिला घोट जड वाटेल. म्हणून लगेच नापसंत करू नका हो. ही वेगळी परंपरा आहे आणि अतिशय मन लावून जपलेली आहे, एक अख्खा कप तिला द्या.

क्योटोत इनोदा कॉफी (१९४०) आणि स्मार्ट कॉफी (१९३२). नागोयात सकाळी लवकर बाहेर पडा, तिथे सकाळच्या वेळात नुसती कॉफी मागवली की त्याच पैशात टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं, याला 'मोनिन्गु' म्हणतात. अझुकी नावाच्या लाल कडधान्याच्या गोड पुरणासारख्या सारणाचा 'ओगुरा तोसुतो' पण तिथलाच.

माणशी एक ऑर्डर द्यायची, दोघांत एक कप चालत नाही. टीप ठेवू नका. रोख येन जवळ ठेवा. फोनवर बोलायचं असेल तर बाहेर जा. एप्रिल २०२० पासून बंद जागेत धूम्रपानावर कायद्याने बंधनं आली पण काही छोट्या जुन्या दुकानांना सूट आहे, तेव्हा धुराचा त्रास होत असेल तर दारावरची पाटी आधी बघा.

प्रश्न: आम्हीपण जपानला चाललोय, सासूबाई सोबत आहेत, अंडंसुद्धा खात नाहीत. कॉफीशॉपमध्ये त्यांना काय देऊ? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: कॉफीबरोबर साधा टोस्ट-लोणी सगळ्यात सोयीचा. 'तामागो नाशि दे ओनेगाइ शिमास' म्हणजे अंडं नको. पुरिन म्हणजे कॅरॅमल कस्टर्ड, त्यात अंडं असतं. कॉफी जेली दिसायला निरागस पण तिच्यात बरेचदा जिलेटिन असतं, म्हणून 'झेराचिन हाइत्ते इमास का' असं विचारा. सँडविचमध्ये हॅम किंवा अंडं, आणि करी राइस दिसला तरी त्यात मांस धरूनच चाला. पाणी बर्फाचं येतं, थंडीतसुद्धा, त्यांना गरम हवं असेल तर 'ओयु ओनेगाइ शिमास'. दशम्या, खाकरे, चटणी मात्र बॅगेत असू द्याच, जेवणाचा प्रश्न कॉफीशॉपमध्ये सुटणार नाही कारण बाहेरच्या बहुतेक सूप-सॉसमध्ये माशाचा अर्क असतो.

प्रश्न: जपानहून इलेक्ट्रिक ग्राइंडर आणावा का? तिथे स्वस्त पडतो म्हणे. (सिडको, नाशिक)

उत्तर: नको. तिथली वीज १०० व्होल्ट, आपली २३०, थेट लावलात तर मोटर जाईल आणि त्याच्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर घेत बसणं परवडत नाही. हाताने फिरवायचा ग्राइंडर आणा. टोकियोत कप्पाबाशी नावाचा भांड्याकुंड्यांचा अख्खा रस्ताच आहे, तिथे हारिओ, कालिता, कोनो या कंपन्यांचे ड्रिपर एकाच फेरीत बघून होतात, हारिओचा सिरॅमिक व्ही-६० तर आरिता गावच्या चिनीमातीचा असतो, वजन झेपत असेल तर तो घ्या. आणि बिया घेताना 'मामे नो मामा दे' म्हणा, म्हणजे न दळता देतील, दळून आणल्या तर नाशिकला पोचेपर्यंत वास उडालेला असेल.